तांबडा कस

९ फेब्रुवारी १९७०, सोमवार

आज दगड काढले. वर्षभरात या एकाच धड्याची मी वाट बघतो. बघतो हे कुणाला कळू देत नाही एवढंच.

मुलांना घरून दगड आणायला सांगितले होते. फेब्रुवारीत, कमरेइतक्या बर्फाखालून! पण आणले. कुणी गोठ्याच्या पायरीचा, कुणी विहिरीच्या कठड्याचा. एकाने तर खारवलेल्या कोबीच्या पिंपावर दाब म्हणून ठेवलेला धोंडाच पळवून आणला. उद्या त्याची आई भांडायला येणार.

साहित्य दरवर्षीचंच. नख, तांब्याचं नाणं, खिळा, चाकू, काचेचा तुकडा, लोहचुंबक, व्हिनेगरची बाटली. आणि कॉफीचे टवके उडालेले कप. कप उलटा करायचा, बुडाशी जी खरबरीत कड असते तिच्यावर दगड घासायचा. उठेल ती रेघ म्हणजे दगडाचा कस. पिवळाधमक दगड काळी रेघ काढतो, काळा दगड तांबडी. मुलांना हे दरवर्षी जादूसारखं वाटतं. मलाही.

फळ्यावर लिहिलं : रंगावर जाऊ नका. वरच्या कातडीवर तर मुळीच जाऊ नका. आधी फोडा, मग बघा.

"मास्तर, योर्मा दगड चाटतोय!"

"चाटू दे. खारट लागतो का रे?"

"तो गोठ्याच्या पायरीचा आहे, मास्तर!" सगळा वर्ग खिदळला. योर्मा थुंकत बाहेर पळाला.

हेल्वी तुरुनेन हसली नाही. ती हसण्यात वेळ घालवत नाही. रेघ काढते, फुंकर मारते, खिडकीशी नेऊन बघते. मग म्हणाली, "मास्तर, ही रेघ दगडाची की कपाची?" एवढी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दगड कपापेक्षा कठीण असेल तर कपाचीच भुकटी निघते, दगडाची नाही! सांगितलं. तिने लिहून घेतलं.

मग घंटा, टोप्या, हातमोजे, आरडाओरडा. आणि मग काहीच नाही. वरच्या दोन खोल्यांत मी आणि रेडिओ.

११ फेब्रुवारी

उणे एकतीस. दुधाची गाडी सोडून कुणी फिरकलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापवली. माणूस एक असो की सहा, लाकूड तितकंच जळतं.

गोठलेल्या तळ्यापलीकडे तुरुनेनांच्या, हेल्वीच्या घरच्या, सौनाचा धूर दिसत होता. सरळ वर जाणारा, चांगल्या कोरड्या लाकडाचा. गेल्या शरदापर्यंत एकाआड एक शनिवारी त्यांचा मधला पोरगा यायचा. दारातच उभा राहून म्हणायचा, "बाबा म्हणतात, वाफ तयार आहे." मग मी टॉवेल घेऊन जायचो. पोरांचा बाप रेइनो आणि मी वरच्या फळीवर खांद्याला खांदा लावून बसायचो. बोलायचो काही नाही. तो चुलीच्या तापल्या दगडांवर पाणी टाकायचा, मी "हं" म्हणायचो. नंतर त्याच्या बायकोची, साइमीची, कॉफी आणि वेलची घातलेला गोड पाव.

ऑक्टोबरपासून बोलावणं बंद. कारण नाही, शब्द नाही. आमच्याकडे असं विचारायची रीत नाही. बोलावलं तर जायचं. नाही बोलावलं तर रस्त्यात टोपीला हात लावून थंडीबद्दल बोलायचं.

मी काय केलं असेल? मधल्याला गणितात नापास केलं, ते? की आपण बाहेरचे म्हणून कंटाळले शेवटी? वीस वर्षं झाली या गावात, तरी दुकानात मला अजून "किनाऱ्याकडचे मास्तर" म्हणतात. रेडिओवर दर्यावर्द्यांसाठी हवामान सांगतात ते मी अजून ऐकतो. इथून समुद्र किती लांब! पण ऐकतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप. काइसूबाई डाव हातात धरूनच माझ्या टेबलाशी आली. शाळेचा स्वयंपाक तिचा, केरवारा तिचा, आणि गावची बातमीही तिचीच.

"ऐकलंत का मास्तर? तुरुनेन निघाले."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? अजून कुठे जातात लोक? स्वीडनला! गॉथेनबर्गला, मोटारींना चाकं लावायला. साइमीच्या भावाने जागा लावून ठेवलीय." डाव टेबलावर आपटला. "तीन पोरं गेली की तुमच्या शाळेत उरलं कोण? योर्मा आणि उंदीर!"

मी म्हटलं, "अजून गेले नाहीत."

"जातील हो. गेल्या वर्षी चार घरं गेली, तेव्हाही तुम्ही असंच म्हणालात. माझं काय, मी बहिणीकडे जाईन. तुम्ही कुठे जाणार?"

सूप संपवलं. पालिकेचा एक आकडा ठरलेला आहे. त्याखाली पट गेला की शाळा बंद. तुरुनेनांची तीन धरून आम्ही तो कसाबसा गाठतो.

मी कुठे जाणार? खरंच, कुठे?

२५ फेब्रुवारी

हेल्वीने दगड आणला! पायाने ढकलायच्या बर्फगाडीवर, पिठाच्या पोत्यात गुंडाळून. मोठ्या पावाएवढा असेल, पण उचलला तर हात खाली गेला. काळपट तपकिरी, मधे मधे तांबूस. इतका जड दगड या भागात उगाच नसतो. छातीत धडधडायला लागलं. या वयात, दगडापायी!

"कुठे सापडला?"

बुटांकडे बघत म्हणाली, "सापडला."

"रानात?"

"बाबांना सापडला."

ही मुलगी कधी अर्धवट उत्तर देत नाही. आज दिलं. मग दबक्या आवाजात : "मास्तर, हा खात्याला पाठवायचा का?"

भूगर्भ खात्याचा कागद आमच्या दुकानात लावलेला आहे. कुणीही दगड पाठवा, टपाल फुकट. पलीकडच्या परगण्यात एका माणसाच्या दगडावरून खाण निघाली. रस्ता झाला, दुकानं झाली, नवी शाळा झाली, तीही व्यायामशाळेसकट! ही गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगतं. पण त्याबरोबर विल्होची गोष्टही सांगतं. म्हाताऱ्या विल्होने सोनं म्हणून डबाभर अभ्रक पाठवलं. मरेपर्यंत "सोनेरी विल्हो". आता त्याच्या नातवालाही तेच म्हणतात. तेव्हापासून मास्तरला दाखवल्याशिवाय कुणी खडाही टपालात टाकत नाही.

म्हटलं, "आधी बघू. शनिवारी."

२६ फेब्रुवारी

रेइनो आला. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. टोपी हातात, बुटांचा बर्फ दोनदा झटकला. मी कॉफी ठेवली. पहिला कप घेतला.

"हेल्वीने दगड आणलाय म्हणे."

"आणलाय. जड आहे."

"जड आहे," तो म्हणाला. मग कप खाली ठेवत : "जड असणं चांगलं का?"

"असू शकतं."

दुसरा कप घेतला. मग एकदम बोलायला लागला. रेइनो इतकं बोललेला मी पाहिला नव्हता. "जंगलातलं लाकूडतोडीचं काम गेलं, मास्तर. यंत्र आलं. आम्ही दहा जण जे करायचो ते एक पोरगा काचेच्या पेटीत बसून करतो. मेहुणा म्हणतो, सोमवारपर्यंत कळव, नाहीतर जागा दुसऱ्याला. मला काय हौस आलीय परक्या भाषेत नट आवळायची? पण दगडापेक्षा वीट मऊ."

"खात्याला पाठवू. उत्तर येईल."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

तो हसला. "तोवर पोरांना काय बर्फ खायला घालू? आणि काही निघालं नाही तर? दुसरा सोनेरी विल्हो! नको. तुम्ही बघा. तुम्ही 'आहे' म्हणालात तर पोटाला चिमटा घेऊन थांबतो, 'नाही' म्हणालात तर निघतो. तुम्ही खोटं बोलणार नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे."

सौनाबद्दल अक्षर नाही. मीही काढलं नाही. दारात मात्र तो थांबला होता, काहीतरी सांगायचं असल्यासारखा. मग टोपी घातली.

खोटं बोलणार नाही! घ्या, आता हे ओझं घेऊन बसा.

२७ फेब्रुवारी

इथे एकदाच लिहितो, बाहेर कुठे बोलणार नाही : त्या दगडात खनिज निघावं असं मला वाटतं. फार वाटतं. शाळा राहावी, ही तीन मुलं राहावीत, तळ्यापलीकडचा धूर राहावा. त्यांनी मला बोलावलं नाही तरी चालेल, धूर दिसला तरी पुरे.

म्हणूनच उद्या मला स्वतःवर नजर ठेवायला हवी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

शाळा सुटल्यावर केलं. हेल्वी टेबलाशी, रेइनो दाराशी. काइसूबाई उगीचच पुसलेली फरशी पुन्हा पुसत होती.

खिळा ओढला. ओरखडा नाही. चाकू घसरला, वर नुसतं तपकिरी कवच. चुंबक जरासा धरला आणि सुटला. व्हिनेगर टाकलं, बुडबुडा नाही. मग कप. हेल्वीने स्वतः घासला, फुंकर मारली, खिडकीशी नेला. तांबडी रेघ. तांबडी, विटकरी, स्वच्छ.

"तांबडा कस," मी म्हणालो. "गंज आहे. लोखंडाचा अंश असलेला साधा दगड, वरून गंजलेला. असे रानात ढिगाने पडलेत."

"फोडायचा ना, मास्तर?" हेल्वी म्हणाली.

हातोडी टेबलावरच होती. मी तिच्याकडे बघितलं. मला माहीत होतं काय होणार! मी एक घाव घालणार. आत काही चमकलं नाही तर दुसरा. मग तिसरा. शेवटी अभ्रकाचा एखादा कण चकाकणार, मी त्याला तांबं म्हणणार, आणि माझ्या शब्दावर हा माणूस बायकापोरांना उपाशी ठेवून इथे बसणार. हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं, याला परीक्षा म्हणत नाहीत. मी हातोडी खणात टाकली.

"नको. सगळ्या परीक्षा एकच सांगतायत."

रेइनोने टोपी घातली. "बरं झालं. आता मनाला टोचणी नाही." हात हातात घेऊन जोरात दाबला. हेल्वीने दगड पोत्यात गुंडाळला आणि गाठ मारली. माझ्याकडे बघितलं नाही.

ते गेल्यावर काइसूबाई म्हणाली, "एक घाव घातला असता तर हात मोडला असता का हो?"

मी प्रामाणिक राहिलो. प्रामाणिकच राहिलो ना? की ऑक्टोबरपासून दार बंद ठेवणाऱ्या माणसाला "नाही" म्हणताना कुठेतरी बरं वाटलं? शोधून पाहिलं. नक्की सांगता येत नाही. हे त्याहून वाईट.

७ मार्च, शनिवार

सौना तापवली नाही.

१२ मार्च

नद्यांचा धडा चालू आहे. हेल्वी विचारलं तेवढंच सांगते. बरोबर सांगते. स्वतःहून प्रश्न नाही. वर्गात एक प्रश्न कमी झाला की केवढी शांतता होते!

योर्मा म्हणाला, "मास्तर, स्वीडनमध्ये पण दगड असतात का?"

"असतात."

"मग हेल्वीला चालेल."

ती म्हणाली, "गप रे गाढवा," आणि तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत बसली.

२६ मार्च

ईस्टरच्या आधी गेले. दुकानाजवळ बसची वाट बघत अर्धा गाव उभा होता, हात खिशात घालून. रेइनो लग्नातल्या कोटात. खांद्यात आवळत होता, सारखा मान फिरवत होता. साइमीने मला कागदात गुंडाळलेले पाव दिले, अजून कोमट होते. "मास्तर, हिवाळाभर..." म्हणाली आणि थांबली. डोळे पुसले. "काही नाही. जपा."

धाकटे दोघे खिडकीच्या जागेवरून भांडत चढले. हेल्वीने मोठ्या माणसासारखा हात पुढे केला.

"मास्तर, तुम्ही नेहमी म्हणता, आधी फोडा, मग बघा."

"म्हणतो."

"मग आमचाच का नाही फोडला?"

लोक बघत होते. रेइनो बघत होता. मी म्हणालो, "आत बाहेरच्यासारखाच होता, हेल्वी."

"तुम्हाला कसं माहीत?"

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. आजवर भोंग्याचा मला इतका आधार कधी वाटला नव्हता. लाज वाटते लिहायला.

पाव रात्रीच्या जेवणाआधीच संपवले. सगळे. उभ्या उभ्या.

१५ एप्रिल

पालिकेची बैठक. कॉफी उत्तम होती. मे अखेर शाळा बंद. माझ्या सेवेबद्दल आभार मानले, टाळ्या वाजवल्या. ऑगस्टपर्यंत वरच्या खोल्यांत राहायची परवानगी. नंतर शहरातल्या शाळेत जागा "बघू".

येताना बर्फ इतका भुसभुशीत की गुडघाभर पाय रुतत होता. वाटेत कुणी भेटलं नाही.

१९ मे

तळं मोकळं झालं. काइसूबाई आणि मी शाळेचं सामान बांधत होतो. बशा वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "एक सांगू का? आता ते गेले, आता लाज कुणाची? तुरुनेनांनी हिवाळाभर कुणालाच सौनाला का नाही बोलावलं, माहीत आहे?"

मी हातातली बशी खाली ठेवली.

"रेइनोने ऑक्टोबरात सौनाची चूल नव्याने रचली. दगड स्वतः वेचून आणले. त्यातला एक नासका निघाला! पाणी टाकलं की गंधकाचा भपकारा, सडक्या अंड्यांसारखा. पोरं खोकतायत, साइमीचे डोळे लाल! कुठला दगड ते कळेना. चूल काढायची, रचायची, पुन्हा वास. आणि सांगणार कुणाला? सौनाच्या चुलीचा दगड ज्याला निवडता येत नाही तो कसला पुरुष! गावाने पिढ्यान्‌पिढ्या हसायचं. म्हणून दार बंद. तुमच्यासमोर तर जास्तच लाज. मास्तर दगडांतले जाणकार!"

"तुला कुणी सांगितलं?"

"साइमीने. शपथ घालून. मेपर्यंत पाळली की मी!"

"आणि तो दगड?"

"फेब्रुवारीत सापडला एकदाचा. रेइनोने बर्फात भिरकावला. पोरीने उचलून तुमच्याकडे आणला. तुम्हाला सांगू नकोस म्हणून बापाने दम भरला होता तिला."

मी पोरांच्या बाकावर बसलो. गुडघे टेबलात अडकले.

पाच महिने आगीत भाजलेला दगड! गंधक जळून गेलं, वर राहिला तांबडा गंज. तो कस दगडाचा नव्हताच, चुलीचा होता. गंधकाचा वास म्हणजे आत गंधकाशी बांधलेला धातू. लोखंड असेल, तांबं असेल. असेलच असं नाही. पण असू शकतं! त्यांनी एक शब्द सांगितला असता तर! मी एक घाव घातला असता तर! ताकाला जाऊन भांडं लपवलं त्यांनी. आणि मी ताक न बघताच परत पाठवलं.

आणि दुसरं. ते माझ्यावर रागावले नव्हते. हिवाळाभर मी इथे बसून हिशेब मांडत होतो, कुठे चुकलो, कुणाला दुखावलं. तिकडे ते बिचारे खोकत बसले होते.

रडलो. लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे.

काइसूबाई म्हणाली, "अहो, एवढं काय झालं?" आणि पुन्हा बशा गुंडाळायला लागली, जरा हळू.

२० मे

होडी घेऊन पलीकडे गेलो. सौनाला कुलूप नव्हतं. वरच्या फळीवर माझ्या जागी बसलो. गार, कोरडं, कोपऱ्यात वाफेत अंगावर मारायच्या, गेल्या वर्षीच्या भूर्जाच्या डहाळ्या. मग चुलीचा एकेक दगड काढून नाकाशी धरला. कुणी बघितलं असतं तर थेट वेड्यांच्या इस्पितळात! सगळे चांगले निघाले. मागच्या ढिगात बघितलं, कुंपणापाशी बघितलं, घराच्या पायरीखाली बघितलं. हेल्वीचा दगड नाही.

त्यांना कळवायचं का? काय कळवू? "परत या, बहुधा"? दगड हातात नाही, फोडलेला नाही. नुसत्या वासावर एका माणसाला घर दुसऱ्यांदा मोडायला सांगू? एकदा सांगितलं ते पुरे झालं.

चूल होती तशी रचून ठेवली. जमेल तितकी.

३० मे, शनिवार

शेवटचा दिवस. उन्हाळ्याचं गाणं गायलं. तोंडंच थोडी, आवाज छतापर्यंत पोचला नाही.

"मास्तर, आता तुम्ही कुणाला शिकवणार?" योर्माने विचारलं.

"तुला सोडून कुणालाही."

तो खूश झाला, आणि मग दाराशी जाऊन रडला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२० जून

मध्यग्रीष्माची शेकोटी यंदा कुणी पेटवली नाही. या दिवसांत रात्रीही उजेडच. तळ्यापलीकडे अंधार झाला असता तर बरं. उजेडात रिकामं अंगण फार स्पष्ट दिसतं.

२ जुलै

आज कुणाशीच बोललो नाही. काल दुकानात "माचिस" म्हणालो होतो.

९ जुलै

अंगणात मोटार आली. खात्याचा तरुण माणूस, कमरेला हातोडी. "पुल्की मास्तर? तुमचा दगड पोचला." मी म्हणालो, मी दगड पाठवलेला नाही. "असं कसं? गॉथेनबर्गहून आलाय, तिकिटंच तिकिटं! शोधणारा पुल्की मास्तर, पत्ता शाळेचा. अक्षर मात्र पोराचं. आणि खाली लिहिलंय, यात काही निघालं तर आमची शाळा बंद करू नका."

त्याने खिशातून तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. ताजा फोडलेला. वर जळकी साल, आत पितळेसारखा पिवळा. मी माझाच चाकू घेऊन ओढला; नुसतं लोखंड असतं तर घसरला असता. रुतला.

"तांबं," तो म्हणाला. "चांगलं आहे. कुठे सापडला ते दाखवा म्हणजे कामाला लागू. शोधलात तुम्हीच ना?"

"नाही," मी म्हणालो. "यात काही नाही असं सांगितलं, तो मी."